बिनशिंपल्याचा जीव घेऊन कोचीला

केरळला जाऊन आलेली माणसं हाउसबोटीचे आणि चहाच्या मळ्यांचे फोटो दाखवतात. माझ्याकडं दाखवायला एकही फोटो नाही. दोन हजार दोनच्या फेब्रुवारीत मी थोरल्या भावाबरोबर कोचीला गेले, ती एक काचेची बरणी तिथल्या एका शास्त्रज्ञ बाईंना दाखवायला. बरणीत करंगळीच्या निम्म्याएवढा, अळीसारखा दिसणारा, मेलेला प्राणी होता. परत आल्यापासून दुकानात येणारा प्रत्येकजण विचारतो, "काय झालं वो तुमच्या अळीचं?" एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकलेलं बरं.

दुकान म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं आमचं हार्डवेअरचं. नट-बोल्ट, बेअरिंग, ऑईल इंजिनचे सुटे भाग. यजमान गेल्यापासून मीच बघते. भाऊ, म्हणजे अण्णा, आमच्या माडीवर राहतो. त्यानं लग्न केलं नाही. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. आम्ही लिंगायत, घरात मासळीचं नाव काढायची सोय नाही, आणि हा दिवसभर मासे-बेडूक चिरून घरी यायचा. अव्वा, म्हणजे आमची आई, होती तोवर परसातल्या नळाखाली आंघोळ केल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू देत नव्हती.

तरुणपणी अण्णा एका सर्वेक्षणाच्या बोटीवर गेला होता. समुद्राच्या तळातून जाळ्याबरोबर चिखल वर आला. बाकीच्यांनी मासे घेतले, खेकडे घेतले. अण्णा चिखल चाळत बसला आणि चाळणीत हा सापडला. "रेशमाचा तुकडा पडावा तसा चमकत हुता," असं तो अजून सांगतो. त्याचे गाइड म्हणाले, कृमी आहे, टाकून दे. अण्णा म्हणाला, कृमी नव्हे, मृदुकाय आहे. गोगलगाय, शिंपला, माकूल यांच्या गोतातला, फक्त अंगावर शिंपला नसलेला. त्यावरून दोघांचं वाजलं. पीएच.डी. राहिली ती राहिलीच. कॉलेजात पोरं त्याला 'अळीसर' म्हणायला लागली.

शास्त्रात या जिवांना अप्लॅकोफोरा म्हणतात. ग्रीक शब्द आहे. अ म्हणजे नाही, प्लॅक्स म्हणजे सपाट फळी, पत्रा. फोरा म्हणजे अंगावर वागवणारे. पत्रा न वागवणारे, असा सरळ अर्थ. अण्णानं मराठीत कुठं नाव सापडतंय का म्हणून पुष्कळ शोधलं, त्याला तरी मिळालं नाही. मी एकदा म्हटलं होतं, "ज्याच्याजवळ जे न्हाय त्यावरनं नाव ठेवायचं? मग मला बिनमिशीची म्हण."

"मार्केटात म्हणत्यातच," अण्णा म्हणाला होता.

एवढी वर्षं त्यानं बरणीवर नाव लिहिलं नव्हतं. जाणकारानं सांगितल्याशिवाय लिहायचं नाही, हा त्याचा हट्ट. जाणकार मिळत नव्हता. आता एप्रिलअखेर तो निवृत्त होणार होता, बरण्यांच्या खोलीत कॉम्प्युटर येणार होते, आणि नव्या विभागप्रमुखांनी सांगून टाकलं होतं की चिठ्ठी नसलेल्या बरण्या फेकायच्या. त्यातच अण्णाला साखरेचा आजार. डोळ्यांचे पडदे खराब. मिरजेच्या डॉक्टरांनी लेसर करूनही उजव्या डोळ्यानं काही दिसत नाही, डाव्यानं धूसर. सूक्ष्मदर्शकावर बसून स्वतः काही सिद्ध करायचे दिवस संपले होते. अशात कोचीच्या एका समुद्रसंस्थेतल्या बाई विद्यापीठात व्याख्यानाला आल्या. याच जिवांवर काम करणाऱ्या. अण्णानं त्यांना गाठलं. बाई म्हणाल्या, घेऊन या, बघू.

एकट्याला पाठवणं शक्यच नव्हतं. दुकान पुतण्यावर सोपवलं आणि निघाले.

रत्नागिरीपर्यंत

बरणी मी बांधली. झाकणाच्या कडेनं मेण ओतलं, बेअरिंगचं एक दणकट खोकं घेतलं, त्यात लाकडाचा भुसा भरला आणि मधोमध बरणी बसवली. आंबा घाटातल्या वळणांवर एस.टी. हेलपाटत होती आणि अण्णा मांडीवरच्या खोक्याला दोन्ही हातांनी कवटाळून बसला होता.

"गिरिजे, हिंदकळतंय का बघ."

"न्हाय हिंदकळत. मी बांधलंय ते."

"तुझ्या बेअरिंगला हिंदकळून काय हुतंय? याला हुतंय."

रत्नागिरीचं स्टेशन गावापासून लांब आहे, हे ध्यानात ठेवा. रिक्षावाले नवखा माणूस ओळखतात. स्टेशन मात्र स्वच्छ. कोकण रेल्वेची सगळीच स्टेशनं तशी. आमच्या कोल्हापूरच्या स्टेशनाला त्यांच्या झाडूवाल्यांकडं शिकवणीला पाठवायला हवं. गाडी सुटली की बोगदा, पूल, बोगदा, पूल. एवढं लोखंड आणि काँक्रीट कुणी कसं वर चढवलं असेल, या विचारातच माझा गोव्यापर्यंतचा वेळ गेला.

गाडीत भेटलेला तानाजी

समोरच्या बाकावर एक तरुण होता. आमचं बोलणं कानावर पडताच तो उठूनच बसला. "कोल्हापूरचं व्हय? मी कोडोलीचा की!" तानाजी त्याचं नाव. नेव्हीत स्वयंपाकी, सुट्टी संपवून कोचीला निघालेला. आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी त्यानं पसरली, आमच्या डब्यातली वांगी त्यानं खाल्ली. मी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करेपर्यंत हात आवरून थांबला, एवढी रीत त्याला होती. बाकी तोंडाला खंड नाही.

"मावशी, खोक्यात काय हाय? सर सोडंनात म्हनून इचारतोय. सोनं हाय काय?"

"प्राणी आहे," अण्णा म्हणाला, आणि मी नको नको म्हणत असताना त्यानं भुशातून बरणी वर काढून दाखवली. झाकणाला मेण असूनही डब्यात फॉर्मलिनचा वास थोडा पसरला असावा, कारण कडेची एक बाई नाकाला पदर लावून पलीकडं गेली.

तानाजीनं बरणी खिडकीच्या उजेडात धरली. "ही अळी? हिच्यासाठी सर तुमी कोचीपातूर चाललासा? आमच्या जहाजाखाली असल्या लाख असत्याल!"

"असतीलच," अण्णा खूष होऊन म्हणाला. "दिसत नाहीत एवढंच. तळाच्या चिखलात असतात. अंगावर कशी रेशमासारखी चमक आहे बघ."

तानाजीनं बरणी फिरवून फिरवून पाहिली. "चमक कुठं हाय सर? पांढरी दोरी दिसतीया."

"मलाही आता दिसत नाही रे. डोळेच गेले माझे. ती चमक दिसेनाशी झाली तेव्हाच मी पहिल्यांदा डॉक्टरकडं गेलो. पण आहे. नीट बघ."

तानाजीनं माझ्याकडं पाहिलं. मीही पाहिलं, मला कधीच काही चमकताना दिसलं नव्हतं. मी ती बरणी जवळून पाहायला लागले तेच उशिरा. डब्यातला उजेड कमी आहे असं म्हणून मी बरणी भुशात परत ठेवली.

एर्नाकुलम

कोचीला जायचं तर गाडीतून उतरायचं एर्नाकुलमला. उपयोगाच्या दोन गोष्टी सांगते. खाणावळीत प्यायला लालसर, कोमट पाणी देतात. मला वाटलं पाइप गंजलाय. गंज मी रोज बघते, फसणार नाही असं वाटलं होतं. पण ते कसल्याशा झाडाची साल घालून उकळलेलं असतं आणि चांगलं असतं. भात जाड, तांबूस दाण्याचा. पोट भरतं, पण ताटात तिखटाचा पत्ता नाही. खोबरेल आम्ही डोक्याला लावतो, ते लोक भाजीत घालतात. दुसऱ्या जेवणापर्यंत सवय झाली.

माणसं हळू बोलतात. आमच्याकडं पत्ता विचारला की चार जण जमतात, कुठून आलात, कुणाकडं चाललात, का चाललात सगळं विचारून घेतात आणि मग वाट सांगतात, तीही चुकीची. इथं माणूस बोटानं दिशा दाखवतो आणि आपल्या कामाला लागतो. मला बरं वाटलं. अण्णाला नाही. त्याला कुणीतरी "काय आहे खोक्यात" असं विचारायला हवं होतं.

सकाळी त्यानं इस्त्रीचा सदरा घातला. निवृत्तीच्या समारंभासाठी शिवून घेतलेला.

"आजच घातलास? एप्रिलात काय घालशील?"

"एप्रिलात काय हाय? नारळ आणि शाल," तो म्हणाला. "जे काय हाय ते आज हाय."

संस्थेत

बाईंना सगळे मर्सी मॅडम म्हणत होते. पन्नाशीच्या, माझ्याच वयाच्या. सुती साडी, पायांत रबरी चपला. चहा मागवला, अण्णाला खुर्ची दिली, नमस्कार-चमत्कारात वेळ घालवला नाही. मला आवडल्या. दोघं इंग्रजीत बोलत होते. माझं इंग्रजी व्यापारापुरतं, पण अडलं की अण्णा मराठीत सांगत होता.

भिंग लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, आकार बरोबर वाटतो. कृमींना असतात तसे वळे अंगावर नाहीत. तुमच्या गाइडनी घाई केली.

अण्णानं माझा हात दाबला. इतक्या जोरात की माझी बांगडी रुतली.

आता सुया बघू, असं मॅडम म्हणाल्या. इथं मला पहिल्यांदा समजलं की त्या जिवाला शिंपला नसला तरी कातडीत चुन्याच्या बारीक सुया असतात, हजारोंनी. चमक त्यांची. एका जातीच्या सुया दुसरीसारख्या नसतात, त्यामुळं नाव ठरवायचं ते मुख्यतः त्यांच्यावरून. अण्णाला हे ठाऊक होतं, तो मान हलवत होता. मॅडमनी कातडीचा नखाएवढासुद्धा नाही असा कण काचपट्टीवर घेतला. त्यांच्या सूक्ष्मदर्शकात एक खास प्रकाश होता, त्यात आजूबाजूचं सगळं काळं होतं आणि चुना तेवढा उजळतो.

त्यांनी पाहिलं. काचपट्टी सरकवली, पुन्हा पाहिलं. दुसऱ्या जागेचा कण घेतला. मग तिसऱ्या.

"कशात ठेवला होता?"

"फॉर्मलिनमध्ये."

त्यांनी कागदाची एक लहान पट्टी बरणीत बुडवली. पट्टी लाल झाली. त्यांनी ती बशीच्या कडेला ठेवली आणि विचारलं, यात आम्ल मारायला काही घालत होता का?

अण्णा म्हणाला, "शंख-शिंपले आम्ही कोरडे ठेवतो, फॉर्मलिनमध्ये त्यांचा चुना विरघळतो म्हणून. ते मीच शिकवतो मुलांना. पण हा..." आणि तो थांबला.

पुढचं त्यानं बोलून दाखवलं नाही, पण मला समजलं. हा बिनशिंपल्याचा. नावातच 'नाही' म्हटलेलं. मऊ ते फॉर्मलिनमध्ये, कठीण ते कोरडं, अशी कॉलेजची शिस्त, आणि अण्णानं त्याला मऊ प्राण्यांच्या कपाटात ठेवलं होतं.

मॅडमनी पुढचा प्रश्न फार हळू विचारला. "द्रव कधी बदलला होता का?"

"दर वर्षी," अण्णा म्हणाला. "खंडेनवमीला."

खंडेनवमी म्हणजे काय ते मला सांगावं लागलं. माझ्या तोडक्या इंग्रजीत मी सांगितलं, की दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं हत्यारं पुजतात. माझ्या दुकानात तराजू आणि मापं पुजतो, कारखान्यात लेथला झेंडू बांधतात. अण्णाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक, चिमटे, कात्र्या सगळं मांडतात. आणि त्या दिवशी सगळ्या बरण्या धुऊन पुसून त्यांत ताजं फॉर्मलिन भरायचं, ही अण्णानं घालून दिलेली रीत. बाकीच्या बरण्या शिपाई भरायचे. ही एक तो स्वतः भरायचा. कुंकू लावायचा. ताप असला तरी जायचा.

मला गप्प बसवत नाही. मी विचारलं, "आणि नसतं बदललं तर?"

त्या अण्णाकडं पाहायला लागल्या, सांगू का असं विचारल्यासारख्या. अण्णा म्हणाला, "सांगा."

थोडक्यात त्या म्हणाल्या ते असं. जुन्या द्रवातलं आम्ल थोडा चुना खाऊन थंड होतं. तसाच पडू दिला असता तर काही सुया राहिल्या असत्या. दर वर्षी नवा द्रव म्हणजे दर वर्षी नवं आम्ल.

अण्णा खुर्चीतून उठला आणि सूक्ष्मदर्शकापाशी गेला. डावा डोळा लावला. मग मला म्हणाला, "गिरिजे, तू बघ. काय दिसतंय?"

लोक म्हणतात मी तोंडावर बोलते. त्या क्षणी खोटं बोलता आलं असतं तर बरं, असं मला वाटलं. पण समोर मॅडम होत्या, आणि तो मला चांगला ओळखतो.

"काळं," मी म्हटलं. "कायसुद्धा न्हाय."

"कुठं एखादी?"

"न्हाय अण्णा."

तो खुर्चीत येऊन बसला. चहावर साय धरली होती. मग तो मराठीत, कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला, "चमक जात हुती ते मला दिसत हुतं. दर वर्षी थोडी कमी. मला वाटलं, माझं डोळं."

हे मी मॅडमना इंग्रजीत सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

कापून आतले दात बघता येतील, असं त्या मग म्हणाल्या. असले तर मृदुकाय हे पक्कं होईल. पण यांच्यातल्या काहींना दातच नसतात. जात मात्र कशानंही सांगता येणार नाही. नाव मिळणार नाही. तुम्हाला हवा असेल तर परत न्या, नाहीतर इथं ठेवते.

"परत नेऊन कुठं ठेवू?" अण्णा म्हणाला. "ठेवा इथंच. कापा."

त्यांनी प्राणी स्पिरिटच्या लहान कुपीत घातला आणि चिठ्ठी लिहायला घेतली. समुद्राचा भाग, खोली. वर नावाच्या जागी 'अप्लॅकोफोरा' आणि पुढं प्रश्नचिन्ह. मग त्यांनी पेन थांबवलं. ज्यानं गोळा केला त्याचं नाव लिहायची रीत असते, ते मला कळत होतं.

"नको," अण्णा म्हणाला.

"का नको? तूच काढलास ना चिखलातनं?"

"काढणाऱ्याचं लिहिलं तर घालवणाऱ्याचंपण लिहावं लागंल. दोन्ही एकच."

मॅडमनी ती ओळ कोरी ठेवली. पोचवायला फाटकापर्यंत आल्या. जाताना माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, त्यांना एकटं ठेवू नका. मी मान हलवली.

चिनी जाळी

परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची होती. अण्णाला खोलीत भिंतीकडं तोंड करून पडायचं होतं. मी म्हटलं, उठ, एवढ्या लांब आलोय. बोटीनं फोर्ट कोचीला गेलो. बोटीच्या तिकिटाला बायकांची रांग वेगळी असते आणि ती भराभर सरकते, हे सांगून ठेवते.

तिथली चिनी जाळी मात्र पाहण्यासारखी आहेत. लाकडाचा भला मोठा सांगाडा, एका टोकाला जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले दगड. पाच-सहा माणसं दोर ओढतात, दगड खाली येतात, जाळं पाण्यातून वर. ना मोटर, ना गिअर. माझं दुकान इथं चाललं नसतं. मी अण्णाला सगळं वर्णन करून सांगत होते. तो "हं" म्हणत होता. एवढं मोठं जाळं वर आलं, त्यात मूठभर मासळी आणि पाण्यातला कचरा.

किनाऱ्यावर शंख विकणारा बसला होता. अण्णाला शंख दिसले नाहीत, त्यानं वाकून हातानं चाचपले. एक उचलून तो अंगठ्यानं घासत राहिला. गिऱ्हाईक आहे असं समजून विक्रेता मोडक्या हिंदीत म्हणाला, "एकदम चमक है साब. अॅसिड में धोता है हम. देखो, शीशा!"

अण्णानं शंख जागेवर ठेवला. हळूच, आवाज न करता ठेवला. मग माझा दंड धरून तो मागं वळला. आम्ही धक्क्यावर येऊन पहिली बोट धरली.

परत

गाडीत तो जेवला नाही. मी वेफर्स घेतले होते, केळ्याचे, ते उघडून समोर ठेवले. हात लावला नाही. साखर उतरेल म्हणून मी रागावले, तेव्हा फेरीवाल्याकडून घेतलेलं अर्धं केळं खाल्लं. खोकं रिकामं होतं, भुसा तसाच होता. मला ते रत्नागिरीच्या स्टेशनावर टाकून द्यायचं होतं. अण्णा म्हणाला, चांगलं खोकं आहे, दुकानात लागेल.

एस.टी.त मलकापूरला एक म्हातारबा चढले. डोक्याला पटका, हातात कोंबडीची पाटी. अण्णाच्या शेजारी टेकले आणि टेकताटेकता सुरुवात केली.

"पावणं, लांबनं आलासा जनू?"

"कोचीसनं."

"अगाबाबा! द्येवाला गेलतासा व्हय?"

मी खिडकीशी होते. आता हा काय सांगतोय म्हणून माझा जीव वर आला. अण्णा म्हणाला, "न्हाय. डोळं दाखवाय गेलतो."

"मग? काय म्हनलं डाक्टर?"

"डोळं चांगलं हुतं म्हनलं."

"मग झ्याक झालं की!" म्हातारबांनी त्याच्या मांडीवर थाप मारली. "लोकं डोळं गेलं म्हनून रडत घरला येत्यात. तुमी हासत जावा की वो!"

अण्णानं मान हलवली. मग चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि खिशात घालून ठेवला. कोल्हापूर येईपर्यंत त्यानं तो परत लावला नाही.